डोक्याला मुका मार लागतो तेव्हा : ध्यान, विश्रांती आणि विहाराची जबाबदारी

गेल्या वर्षीच्या वर्षावासात उत्तर नागपुरातल्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन सुरू होतं. वाचणारा मुलगा बावीस वर्षांचा. दिवसा मोटारसायकलवर पार्सल पोहोचवायचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून जयंतीच्या बॅनरपर्यंतची सगळी कामं त्याच्याकडेच असायची. जुलैच्या एका पावसात खड्ड्यात त्याची गाडी घसरली. डोक्यावर हेल्मेट होतं. रक्त नाही, खोक नाही, हाड मोडलं नाही. स्वतःच उठला, गाडी उचलली, उरलेली दोन पार्सलं देऊन घरी आला. रात्री उलटी झाली म्हणून मोठ्या भावाने दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, गोळ्या मिळाल्या आणि "काही नाही, घरी जा" असं सांगितलं गेलं.

चौथ्या दिवशी तो वाचनाला बसला. दुसऱ्याच परिच्छेदात म्हणाला, अक्षरं हलतात. एकाने बाम दिला. एकाने सुनावलं, "रात्रभर मोबाईल पाहतोस, मग असंच होणार." आणि आमच्यातल्याच एकाने, अगदी चांगल्या हेतूने, सांगितलं, "तासभर आनापान कर, मन शांत होईल." तो डोळे मिटून ताठ बसला. पंधरा मिनिटांत गरगरायला लागलं, मळमळलं, आणि तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. वाचनाचं काम एका मुलीने घेतलं, बॅनर दुसऱ्याने केला, ग्रुप चालू राहिला. आम्ही त्याच्या घरी गेलो ते पाच आठवड्यांनी.

आम्ही म्हणजे विहाराच्या अभ्यासिकेचं काम पाहणारे तिघे-चौघे. समाजकार्य हाच आमचा पेशा, त्यामुळे "आम्हाला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय आम्हाला नाही. त्या पाच आठवड्यांत काय चुकलं आणि नंतर काय शिकलो, ते चळवळीतल्या तरुणांसमोर ठेवावंसं वाटलं. पावसाळा येतोच आहे, आणि आपली कितीतरी मुलं दुचाकीवर पोट भरतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यात सगळ्यात जास्त दुचाकीवरची होती. जी वाचली, उठून घरी गेली आणि ज्यांना 'काही झालं नाही', त्यांची मोजणी कुणीच करत नाही.

मुका मार म्हणजे नेमकं काय

डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात ते म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. कवटीच्या आत मेंदू द्रवात असतो. गाडीवरून पडलं, कबड्डीत डोकं आपटलं, मचाणावरून घसरलं, कुणी जोरात कानशिलात मारली, की तो आतल्या आत झटक्याने हलतो. हेल्मेट कवटी फुटण्यापासून आणि जीव जाण्यापासून वाचवतं, म्हणून ते घालायलाच हवं. पण आतला हा झटका ते पूर्ण थांबवू शकत नाही. झटक्यामुळे मेंदूच्या पेशींचं रासायनिक संतुलन बिघडतं. ते पूर्ववत करायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच काळात ऊर्जेचा पुरवठा कमी पडतो. म्हणून चार ओळी वाचल्या तरी माणूस दिवसभर खणल्यासारखा थकतो.

सीटी स्कॅनमध्ये हे दिसत नाही. स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची मोड शोधण्यासाठी असतो. तो नॉर्मल आला याचा अर्थ जिवाला तातडीचा धोका दिसत नाही, एवढाच. मेंदूला काही झालं नाही असा त्याचा अर्थ होत नाही. बेशुद्ध पडला तरच मार गंभीर, ही समजूतही चुकीची आहे. कन्कशन झालेले बहुतेक लोक बेशुद्ध पडतच नाहीत. डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणं, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं, शब्द न सापडणं, झोप बिघडणं, उगाच चिडचिड किंवा रडू येणं, ही लक्षणं कधी लगेच दिसतात, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी.

इथे थांबून एक गोष्ट नीट वाचा आणि घरच्यांनाही सांगा. डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या थांबेनात, झटके आले, हातापायातली ताकद गेली, बोलणं अडखळायला लागलं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला, माणूस भ्रमल्यासारखा वागू लागला किंवा हलवूनही जागा होईना, तर कुणाला विचारत बसू नका. १०८ ला फोन करा आणि थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर लक्षणांची वाट न पाहता दाखवा. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला उचलताना पोलिसांची भीती वाटत असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४ अ लक्षात ठेवा. मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलं आहे.

असा धोका नसेल तर उपचार साधा आहे, आणि तोच आपल्या वस्त्यांत सगळ्यात अवघड आहे. तो म्हणजे विश्रांती. पण विश्रांतीबद्दलचं मतही बदललं आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहायला सांगायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि २०२३ मध्ये तिचं निवेदन प्रसिद्ध झालं. त्यानुसार पहिले एक-दोन दिवस शरीराला आणि डोक्याला आराम द्यायचा, स्क्रीन शक्य तितका कमी करायचा. पण त्याही दिवसांत घरातल्या घरात हिंडायला हरकत नाही. मग हलकं चालणं सुरू करायचं आणि त्रास पाहत पाहत हळूहळू काम वाढवायचं. हालचालीने त्रास थोडा वाढला, म्हणजे दहापैकी एकदोन अंकांनी, आणि तासाभरात उतरला, तर घाबरायचं कारण नाही. त्याहून जास्त वाढला तर थांबायचं. पूर्ण बरं होण्याआधी पुन्हा डोक्याला मार बसणं मात्र फार धोक्याचं. म्हणून डॉक्टर म्हणेपर्यंत गाडी नाही, कबड्डी नाही. दारू तर नाहीच. पंचशीलातलं पाचवं शील इथे औषधासारखं पाळायचं. रात्रभर दर तासाला उठवायचं, ही जुनी पद्धतही आता सरसकट सांगितली जात नाही. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्यावं, फक्त पहिल्या रात्री शेजारी कुणीतरी जागतं माणूस असावं.

बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांच्या आसपास बरी होतात, शाळकरी मुलांना महिनाभर लागू शकतो. काहींचा त्रास महिनोन् महिने रेंगाळतो. त्यात पहिल्या दिवसापासून ढोर मेहनत करणारे असतात, तसे काहीच चूक न केलेलेही असतात. त्यामुळे रेंगाळलेल्या माणसाला "तूच नीट आराम केला नाही" असं म्हणू नये.

आजारी पडण्याचा हक्क

समाजशास्त्र शिकताना टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकन अभ्यासकाची 'आजारी भूमिका' ही कल्पना आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. १९५१ च्या त्याच्या ग्रंथात ती आहे. आजारी पडणं ही नुसती शरीराची अवस्था नसून समाजाने दिलेली एक सूट आहे, असा तिचा सार. माणसाला काही काळ कामातून मोकळीक मिळते, आजाराचा दोष त्याच्यावर येत नाही, आणि बदल्यात त्याने बरं होण्याचा प्रयत्न करावा अशी अपेक्षा असते. पाठ केलेलं हे वाक्य आम्हाला समजलं ते त्या मुलाच्या आईसमोर बसल्यावर.

ती म्हणाली, "दिसायले तर चांगला दिसते, पण दिवसभर झोपून रायते. लोकं विचारतात, काय सांगू?"

पाय मोडला की प्लास्टर दिसतं. कावीळ झाली की डोळे पिवळे दिसतात. मुक्या माराला दाखवायला काही नसतं, म्हणून सूटही मिळत नाही. ऑर्डरमागे पैसे मिळणाऱ्याला आजारपणाची रजाच नाही. जितके दिवस घरी, तितके दिवस शून्य. गाडीचा हप्ता मात्र चुकत नाही. हा मुलगा सहाव्या दिवशी पुन्हा गाडीवर बसला होता. गोळी खायची, चार ऑर्डर करायच्या, रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसायचं, पुन्हा निघायचं. आठ-दहा दिवस असं चालवलं आणि मग पार कोसळला. शेजारी म्हणत होते "कामचुकार झाला", एक नातेवाईक म्हणत होते "डोक्यावर परिणाम झाला", आणि एका मावशीने तर बाहेरचं पाहून घ्या असंही सुचवून झालं होतं. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातही हे शब्द उंबऱ्यापर्यंत येतात, हे मान्य करायला हवं.

आणि आम्ही? आम्ही तर गेलोच नव्हतो. का गेलो नाही याचं उत्तर शोधताना आम्हाला विनयपिटकाच्या महावग्गातली ती प्रसिद्ध गोष्ट आठवली. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असतो. भगवान बुद्ध आणि आनंद विहारातून फिरताना त्याला पाहतात. तुझी सेवा कुणीच का करत नाही, असं विचारल्यावर तो सांगतो की, मी इतर भिक्खूंच्या काही कामाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. बुद्ध पाणी घालतात, आनंद अंग धुतात, दोघे मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवतात. त्यानंतर संघाला बोलावून बुद्ध समजावतात की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांकडे पाहिलं नाही तर कोण पाहणार, आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा.

ही गोष्ट आपण करुणेचं उदाहरण म्हणून प्रवचनात वापरतो. त्या भिक्खूचं उत्तर मात्र ऐकून सोडून देतो. तो 'कामाचा' राहिला नव्हता. आपल्या चळवळीत कार्यकर्त्याचं मोल तो किती खुर्च्या उचलतो, किती पोस्ट टाकतो, किती माणसं जमवतो यावर ठरतं, हे बोलायला कडवट आहे पण खोटं नाही. आमच्या मुलाचा बॅनर दुसऱ्याने केला त्या दिवशी आमच्या दृष्टीने त्याची गैरहजेरी संपली होती.

ध्यान : किती, कसं, आणि कधी नाही

आता त्या "तासभर आनापान कर" या सल्ल्याकडे येऊ. आपल्या समाजात विपश्यनेचा प्रसार मोठा आहे. इगतपुरीला १९७६ पासून शिबिरं सुरू आहेत आणि आपल्यातल्या हजारोंना त्याचा लाभ झाला आहे, आमच्यातल्या दोघांनाही. पण त्यातून एक सवय लागली आहे. कुणाला कसलाही त्रास असो, उत्तर एकच : ध्यान कर, शिबिराला जा. डोक्याला ताजा मार लागलेल्या माणसाला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवणं म्हणजे मोडलेल्या पायाने गड चढायला लावणं. रोज दहा-दहा तास बसायचं, पहाटे चारला उठायचं, बोलायचं नाही, सारखं एकाग्र व्हायचं, हे दुखऱ्या मेंदूला झेपणारं नाही. शिबिराच्या अर्जात शारीरिक-मानसिक त्रासाची माहिती विचारतात ती उगाच नाही. ती लपवू नका.

मग ध्यानाचा काही उपयोग नाही का? आहे, पण नेमका कशासाठी ते समजून घेतलं पाहिजे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखणं असलेल्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला. त्या धर्तीवर रेंगाळलेल्या कन्कशनच्या रुग्णांवरही काही अभ्यास झाले आहेत. ते लहान आहेत, पण थकवा, उदासी आणि जगण्यातलं समाधान यांत सुधारणा दिसली आहे. ध्यानाने मेंदूची जखम भरते असा दावा मात्र त्यातून निघत नाही आणि आपणही करू नये.

आमच्या अनुभवात सतीचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो शांत होण्यासाठी नाही, तर वेळेवर थांबण्यासाठी. सतिपट्ठानात वेदनेकडे पाहायला सांगितलं आहे : सुखद आहे, दुःखद आहे, की दोन्ही नाही, ते जसं आहे तसं जाणायचं. मुक्या माराच्या रुग्णाला हेच करायचं असतं. वाचायला बसताना डोकं दहापैकी दोन दुखत होतं, आता तीन, आता चार. चारला पुस्तक मिटायचं. सातपर्यंत रेटून मग दोन दिवस आडवं पडायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण ज्याला लहानपणापासून 'सहन कर' हेच शिकवलं आहे त्याला तीन आणि चार यांतला फरक कळायलाच पंधरा दिवस लागतात.

महावग्गातल्या त्याच प्रकरणात सेवा करायला सोपा रुग्ण कोणता, हेही सांगितलं आहे. त्यातला एक गुण म्हणजे आपलं दुखणं सेवा करणाऱ्याला खरंखुरं सांगणं : वाढलं तर वाढलं, कमी झालं तर कमी झालं, आहे तसंच आहे तर तसं. पंचवीसशे वर्षांपूर्वीची ही अपेक्षा आजच्या डॉक्टरच्या लक्षणांच्या तक्त्याशी तंतोतंत जुळते. आमचा मुलगा मात्र आईला "बरं आहे" सांगायचा, डॉक्टरांना "थोडंसं दुखतं" सांगायचा, आणि आम्हाला काहीच सांगत नव्हता.

प्रत्यक्षात आम्ही त्याच्याबरोबर जे केलं ते फार किरकोळ होतं. सुरुवात तीन मिनिटांपासून. खुर्चीत किंवा उशीला टेकून, मानेला आधार देऊन. डोळे मिटले की गरगरत होतं, म्हणून अर्धे उघडे ठेवून नजर समोर जमिनीवर. श्वास जसा येतो तसाच, तो रोखायचा नाही, जोराने सोडायचा नाही. कपालभाती आणि शीर्षासन पूर्ण बंद. श्वासाकडे लक्ष दिल्यावर डोक्यातले ठोके जास्त जाणवत असतील, तर लक्ष तळपायांवर किंवा मांडीवर ठेवलेल्या हातांवर न्यायचं. वंदनेच्या वेळी डोकं जमिनीला टेकवलं की घण बसल्यासारखं व्हायचं, म्हणून बसूनच हात जोडायचे. पहिल्यांदा त्याला याची लाज वाटली. वयस्कर उपासिकांनी "आमचे गुडघे दुखतात तेव्हा आम्हीबी बसूनच करतो" असं सांगितल्यावर प्रश्न मिटला.

सगळ्यात चांगलं जमलं ते चंक्रमण. विहाराच्या व्हरांड्यात, ऊन उतरल्यावर, पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. पाऊल उचललं, पाऊल टेकलं, एवढंच लक्ष. डॉक्टरांनी सांगितलेलं हलकं चालणंही त्यातच झालं. ध्यान आणि व्यायाम वेगवेगळे करायला त्याच्याकडे तेवढी शक्ती नव्हती, हेही एक कारण.

संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराला लागलेलं दुखणं हा पहिला बाण, त्यावरून मनाने केलेला आकांत हा दुसरा. "माझं डोकं कायमचं गेलं", "मी आता कधी वाचू शकणार नाही", हे त्याचे दुसरे बाण होते आणि ते पाहायला शिकल्याने रात्रीची झोप सुधारली. पण "गाडीचा हप्ता कुठून भरू" हा दुसरा बाण नव्हता. ती खरी अडचण होती. तिला मनाचा खेळ म्हणून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं ही आम्हाला क्रूरता वाटते, आणि आजकाल कंपन्यांच्या माइंडफुलनेस वर्गांत हेच सर्रास चालतं. हप्त्यावर उपाय हप्ता भरणं हाच.

विहाराने काय करायचं

आम्ही उशिरा का होईना बसून ठरवलं. विहारातल्या आठ-दहा घरांनी मिळून दोन महिन्यांचे हप्ते भरले. दान म्हणून नाही. पुढे कुणावर वेळ आली तर त्यानेही त्या डब्यात टाकायचं, एवढ्या बोलीवर. एका बाईंनी आठवड्यातून तीन दिवस डबा दिला, कारण आई चार घरची कामं करून यायची आणि स्वयंपाकाच्या भांड्यांचा आवाजच मुलाला सोसत नव्हता. एकजण ओपीडीत सोबत जायचा. तिथली गर्दी, ट्यूबलाइट, रांगेतली ओरड, हे त्या रुग्णासाठी केवढं मोठं काम आहे ते सोबत गेल्यावरच कळतं. केस पेपर सोबत्याने काढायचा आणि रुग्णाला बाहेर झाडाखाली बसवायचं, एवढ्यानेही फरक पडला. आधीच लिहून नेलेला लक्षणांचा कागद डॉक्टरांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच त्याचं नीट ऐकून घेतलं आणि चक्करसाठी फिजिओथेरपीकडे पाठवलं. मेडिकल सर्टिफिकेट मिळालं ते कॉलेजात दिलं, नोट्स एका मैत्रिणीने मोठ्या अक्षरात लिहून दिल्या.

फोनचा प्रश्न वेगळाच निघाला. आमची चूक कळल्यावर सगळ्यांना एकदम करुणा आली आणि दिवसाला वीस-वीस फोन सुरू झाले. "आता कसं आहे?" "अजून बरं नाही?" त्याने फोन बंदच करून ठेवला. मग ठरवलं, एकाच माणसाने रोज संध्याकाळी भावाशी बोलायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. ग्रुपचं ॲडमिनपद दुसऱ्याकडे दिलं. त्यावरून तो दुखावला हेही खरं. काम काढून घेतलं की माणूस काढून टाकल्यासारखा होतो. म्हणून एक काम त्याच्याकडेच ठेवलं : रोज वाचनाला कोण बसणार हे त्याने सांगायचं.

वाचनाला तो परत आला तो आधी ऐकायला. अंगुत्तर निकायातल्या गिरिमानंद सुत्तात आजारी भिक्खूसाठी बुद्ध आनंदाला पाठवतात आणि आनंद त्याच्या अंथरुणापाशी जाऊन उपदेश ऐकवतात. गिरिमानंदाला सभागृहात या असं कुणी म्हटलं नव्हतं. आम्हीही तसंच केलं. ती वाचणारी मुलगी आठवड्यातून दोनदा त्याच्या घरी जाऊन, दाराशी बसून, हळू आवाजात दहा मिनिटं वाचायची. दोन आठवड्यांनी तो विहारात आला. आम्ही त्याच्या बाजूची ट्यूबलाइट बंद ठेवली, अगरबत्ती बाहेर लावली, आणि माईक लावला नाही. पंचवीस माणसांच्या वाचनाला माईक लागतो कशाला, हा प्रश्न त्यानिमित्ताने पहिल्यांदा पडला.

मन फार खचलं असेल, जगणं नको असं बोलत असेल, तर विहारातली माणसं पुरेशी नाहीत. टेलिमानस ही सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. मेंदूच्या माराने उदासी येते, तो त्या माराचाच भाग असू शकतो. श्रद्धा कमी पडली असा त्याचा अर्थ काढू नका.

शेवटची एक गोष्ट, जी या मुलाच्या निमित्ताने वर आली. वाचनानंतर आम्ही मुक्या मारावर अर्धा तास बोललो. लक्षणं सांगत होतो : डोकं जड राहणं, विसरायला होणं, आवाज नकोसा होणं. त्यानंतर दोन बाया वेगवेगळ्या वेळी थांबून राहिल्या. दोघींनी विचारलं की गाडीवरून न पडताही असं होतं का. दोघींच्या डोक्याला मार घरातच लागला होता, एकीच्या तर कितीतरी वेळा. दवाखान्यात त्यांनी "मोरीत घसरले" असं सांगितलं होतं. त्यांच्यासाठी विश्रांती, चंक्रमण, हप्ता हे सगळं नंतरचं आहे. तिथे आधी मारणारा हात थांबवायचा असतो, आणि तो हात बऱ्याचदा विहाराच्या कार्यकारिणीत जोडलेला असतो. आमच्या महिला मंडळाने आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फक्त बायकांची बैठक सुरू केली आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तिचा नंबर आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार कशी करायची याची माहिती आम्ही विहाराच्या फलकावर लावली. दोनदा कुणीतरी तो कागद फाडला, तिसऱ्यांदा काचेच्या आत लावला आहे.

मुलगा साडेचार महिन्यांनी गाडीवर बसला. सध्या दुपारच्याच ऑर्डर घेतो, रात्रीच्या नाही, समोरून येणाऱ्या दिव्यांनी अजून डोळे दिपतात. परीक्षेचे दोन पेपर राहिले होते, ते उन्हाळ्यात दिले. १४ एप्रिलला तो डीजेच्या मागे नाचला नाही. दोन गल्ल्या आत आमच्या पाण्याच्या स्टॉलवर कानात कापूस घालून उभा होता, आणि मिरवणूक जवळ आली तशी त्याची आई त्याला घेऊन घरी गेली. यंदाच्या वर्षावासाच्या वाचनाची यादी त्यानेच केली आहे. स्वतःकडे त्याने दोन दिवस घेतले आहेत, मंगळवार आणि शनिवार, प्रत्येकी दोन पानं.